उष्णतेचा व्यवहार : पुलापासून छपरापर्यंत

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात आणि थंडीने आकुंचन पावतात, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहे. उदाहरण म्हणून रेल्वेच्या रुळांमधील फट लिहिली की दोन गुण मिळत आणि विषय तेथेच संपत असे. उष्णतेच्या संक्रमणाचे तीन प्रकार, म्हणजे वहन, अभिसरण आणि प्रारण, हेही आपण असेच पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. प्रस्तुत लेखात याच दोन जुन्या धड्यांची उजळणी करावयाची आहे. मात्र उदाहरणे पुस्तकातील न घेता आपल्या भंडारा परिसरातील घेतली आहेत.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा पदार्थविज्ञानावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच की, ज्या गावात मी राहते त्या कारध्यात आणि ज्या घरात मी राहते त्या टिनाच्या घरात उन्हाळ्याचे चार महिने हा विषय आमच्यासोबत राहतो. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना यातील बरेचसे ठाऊक असेल. त्यांनी थोडा धीर धरावा. लेखाच्या शेवटी त्यांच्याकडे एक मागणे आहे.

उष्णता आणि तपमान

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. उष्णता आणि तपमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चुलीतून उडालेली ठिणगी कित्येक शे अंश सेल्सियस तपमानाची असते. पण ती हातावर पडली तर क्षणभर चटका बसतो आणि संपते. उलट उकळत्या पाण्याचे तपमान अवघे १०० अंश. परंतु त्याचा तांब्या पायावर सांडला तर माणूस महिनाभर अंथरुणाला खिळतो. ठिणगीचे तपमान मोठे पण तिच्याजवळची उष्णता थोडी, पाण्याचे तपमान कमी पण उष्णता पुष्कळ.

दुसरे असे की, सारखी उष्णता दिली तरी सर्व पदार्थ सारखे तापत नाहीत. एक किलो पाण्याचे तपमान एक अंशाने वाढवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो कोरड्या वाळूला तिच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढीच पुरते. वैनगंगेच्या पात्रात वैशाखातील दुपारी वाळूवर पाय ठेववत नाही आणि चार पावलांवरचे पाणी मात्र थंड लागते, त्याचे एक कारण हे. पाण्यात ऊन खोलवर शिरते, पाणी हलते आणि त्याची वाफही होते, ही आणखी कारणे. वाळूचा मात्र वरचा थरच सारी उष्णता घेतो. सूर्य मावळल्यावर तीच वाळू लवकर निवते आणि पाणी कोमट राहते.

पूल किती लांबतो?

पदार्थाचे कण स्थिर नसतात. ते जागच्या जागी कंप पावत असतात आणि तपमान वाढले की हा कंप वाढतो. दोन कणांना एकमेकांजवळ दाबणे अवघड आणि दूर सारणे त्या मानाने सोपे असते. त्यामुळे कंप वाढला की त्यांच्यातील सरासरी अंतर थोडे वाढते. असे अब्जावधी कणांचे थोडे थोडे वाढलेले अंतर एकत्र झाले म्हणजे पदार्थ लांबतो. यालाच प्रसरण म्हणतात.

हे प्रसरण किती असते? एक मीटर लांबीची पोलादी सळई एक अंशाने तापली तर ती मिलिमीटरच्या सुमारे ८३ व्या भागाएवढी लांबते, म्हणजे लांबीच्या दहा लाखांत १२ भाग. पितळेसाठी हा आकडा १९, तांब्यासाठी १७, ॲल्युमिनियमसाठी २३, साध्या काचेसाठी ९ आणि काँक्रिटसाठी १० ते १२ असा आहे. काँक्रीट आणि पोलाद यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, ही मानवजातीच्या भाग्याची गोष्ट समजली पाहिजे. ते निराळे असते तर काँक्रिटमध्ये पोलादी सळया घालून घर, धरण वा पूल बांधणे शक्य झाले नसते. पहिल्याच उन्हाळ्यात दोघांची फारकत झाली असती.

आता कारध्याच्या पुलाकडे वळू. कारधा वैनगंगेच्या पूर्व तीरावर आणि भंडारा शहर पश्चिम तीरावर. मुंबईहून कोलकात्यास जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथे नदी ओलांडतो. शेजारी जुना ठेंगणा पूल आहे. त्याला आम्ही लहान पूल म्हणतो आणि मोठा पूर आला की तो पाण्याखाली जातो. मोठ्या पुलावरून सायकलने वा बसने जाताना ठरावीक अंतरावर चाकाखाली खट् असा आवाज होतो. पुष्कळांना ही बांधकामातील उणीव वाटते. वास्तविक तेथे पूल मुद्दाम तोडलेला असतो.

हिशेब करून पाहू. आपल्याकडे पौषातील पहाटे तपमान १० अंशांच्या आसपास उतरते आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास चढते. फरक ३५ अंशांचा. शंभर मीटर काँक्रीट घेतले आणि दहा लाखांत १० भाग हा आकडा धरला, तर १०० गुणिले ३५ गुणिले १० भागिले दहा लाख, म्हणजे ०.०३५ मीटर. साडेतीन सेंटिमीटर! पूल जाड असल्यामुळे त्याचे आतील तपमान हवेइतक्या झपाट्याने बदलत नाही, पण उन्हात त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षाही अधिक तापतो. म्हणून हा आकडा अंदाजाचाच समजावा. तरीही शंभर मीटरमागे दोन-तीन बोटे रुंदीची जागा पुलाला मागे-पुढे होण्यास हवी, हे यावरून कळते. यासाठी पुलाचा एकेक गाळा निराळा ठेवतात. गाळ्याचे एक टोक खांबावर पक्के बसवतात आणि दुसरे टोक रुळावर किंवा रबराच्या जाड गादीवर ठेवतात, म्हणजे ते सरकू शकते. दोन गाळ्यांमधील फट रबराने वा लोखंडी पट्ट्यांनी झाकतात. त्या पट्टीवरून चाक गेले की खट् आवाज येतो.

अशी जागा दिली नाही तर काय होईल? पदार्थ जागा मागतो आणि न मिळाल्यास ओढूनताणून घेतो. पूल आपल्याच आधारांना ढकलू लागतो, काँक्रिटला तडे जातात आणि त्या तड्यांतून पाणी आतल्या सळयांपर्यंत पोहोचून त्या गंजतात. पॅरिस येथील १८८९ साली पुरा झालेला आयफेल मनोरादेखील उन्हाळ्यात हिवाळ्यापेक्षा सुमारे १५ सेंटिमीटर उंच होतो. तो वरच्या बाजूला मोकळा असल्यामुळे त्याला कोणाची परवानगी लागत नाही एवढेच.

बंडीच्या चाकाची धाव

प्रसरणाला जागा द्यावी लागते, तसे त्याच्याकडून काम करवूनही घेता येते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे बंडीच्या लाकडी चाकावर बसवलेली लोखंडी धाव. आता बंड्यांना लोखंडी चाके आली, रबरी टायर आले, आणि धाव बसवण्याचे काम दुर्मीळ झाले. माझ्या आजोबांनी ते अनेकदा पाहिले होते आणि त्यांच्याकडून मी ते ऐकले.

सुतार तुंबा, आरे आणि पुठ्ठे जोडून चाक तयार करीत असे. लोहार लोखंडी पट्टी वाकवून तिचे कडे करी. हे कडे चाकापेक्षा थोडे लहान ठेवावयाचे, हे त्या कामाचे मर्म. मग कडे जमिनीवर आडवे ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवीत. कडे लालसर झाले की तीन-चार जण लांब सांडशांनी उचलून ते चाकावर बसवीत आणि घणाने ठोकून लगेच पाणी ओतीत. वाफेचा लोट उठे, लाकूड करकरे आणि चाकाचा एकेक सांधा आवळला जाई. आजोबा म्हणत, “धाव लाल झाली म्हंजे चाकाले सैल होते, अन् पाणी पडलं म्हंजे मंग सोडत नाही.”

दीड मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ४.७ मीटर होतो. कडे ५०० अंशांनी तापवले तर ४.७ गुणिले ५०० गुणिले १२ भागिले दहा लाख, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर एवढी परिघात वाढ होते. व्यासात ती सुमारे ९ मिलिमीटर होते. कडे नेमके किती लहान ठेवावे हे लोहाराला या मर्यादेत ठरवावे लागे. फार लहान केले तर तापवूनही बसणार नाही, किंवा निवताना आरे मोडतील. मोठे राहिले तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच धाव निसटेल. हा हिशेब तो कागदावर करीत नव्हता. एक लहान चकती तो चाकाच्या कडेवरून फिरवी, नंतर तीच कड्याच्या आतून फिरवी आणि फेऱ्यांतील फरकावरून अंदाज घेई. अशा माणसाची नोंद शिरगणतीत निरक्षर म्हणून होत असे, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला विसरता येत नाही.

येथे एक शंका अनेकांना येते. कडे तापले की लोखंड सर्व बाजूंनी वाढते, मग आतले भोक लहान का होत नाही? उत्तर असे की, कड्याचा प्रत्येक कण शेजारच्या कणापासून दूर जातो. त्यामुळे सबंध कडे, भोकासकट, छायाचित्र मोठे करावे तसे मोठे होते. एकात एक अडकलेले दोन पेले सोडवताना याच नियमाचा उपयोग होतो. आतल्या पेल्यात थंड पाणी घालावे आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरावा. आतला आकसतो, बाहेरचा फुगतो आणि दोन्ही सुटतात.

वरठीचे रूळ

भंडारा रोड हे आपले रेल्वे स्थानक शहरापासून दूर वरठी येथे, मुंबई-हावडा मार्गावर आहे. शाळेतल्या पुस्तकात आपण रुळांमधील फट वाचली. ब्रॉडगेजचा एक रूळ १३ मीटरचा. तो ४० अंशांनी तापला तर सहा मिलिमीटरपेक्षा थोडा अधिक लांबतो. म्हणून जोडावर तेवढी फट ठेवीत आणि गाडी जाताना त्या फटींचा ठेका ऐकू येई. पण आज वरठीच्या फलाटावर उभे राहून पाहिले तर मुख्य मार्गावर तशी फट दिसत नाही. रूळ एकमेकांना वितळजोड देऊन पुष्कळ लांबीचे केलेले असतात. मग प्रसरण कोठे गेले?

ते दाबले गेले. वजनदार काँक्रीट स्लीपर, रूळ घट्ट धरणाऱ्या पोलादी कळा आणि भोवतालची खडी मिळून रुळाला हलू देत नाहीत. लांबता न आल्यामुळे रुळाच्या आत दाब निर्माण होतो. ३० अंशांच्या वाढीने दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ७०० किलोग्रॅम, आणि मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात सुमारे ५५ टन एवढा हा दाब भरतो. यासाठी रूळ पक्के करताना त्या प्रदेशाच्या मधल्या तपमानाला करतात, म्हणजे उन्हाळ्यात दाब आणि हिवाळ्यात ताण, दोन्ही सोसण्याजोगे राहतात. तरीही खडी कमी पडली तर कडक उन्हात रूळ बाजूला वाकण्याचा आणि थंडीत तुटण्याचा धोका असतो. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी आणि हिवाळ्याच्या रात्री रेल्वेचे गस्तकरी रुळालगत पायी चालतात. आपण गाडीत बसून शेंगा खातो तेव्हा बाहेर उन्हात चालणाऱ्या त्या माणसाकडे आपले लक्ष जात नाही.

रुळांवरच्या विजेच्या तारेची व्यवस्था आणखी सोपी आहे. काही खांबांवर कप्पीवरून टांगलेली जड वजने दिसतात. तार उन्हाने लांबली की वजने खाली येतात, थंडीने आखडली की वर जातात, आणि तार नेहमी सारखीच ताणलेली राहते.

पितळेचे शहर आणि उष्णतेचे वहन

आता उष्णतेच्या प्रवासाकडे वळू. पहिला मार्ग वहनाचा. धातूच्या पळीचे एक टोक उकळत्या वरणात असले की थोड्या वेळाने दुसरे टोक हाताला लागते. पळी जागची हलली नाही, पण उष्णता एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे सरकत आली. धातूंत मोकळे इलेक्ट्रॉन असल्यामुळे हे काम फार वेगाने होते.

भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे शहर म्हणून प्रसिद्ध. तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाने होणारी पितळ उष्णतेची चांगली वाहक आहे. वाहकतेचे आकडे तुलनेने पाहावेत : तांबे सुमारे ४००, पितळ सुमारे ११०, साधे पोलाद ५०, स्टेनलेस स्टील अवघे १६, भाजलेली माती एकाहून कमी, लाकूड त्याहूनही कमी, आणि स्थिर हवा ०.०२५. पितळी गंजात शिजवलेला भात खाली लागत नाही आणि स्टीलच्या पातळ भांड्यात लागतो, याचे कारण या आकड्यांत आहे. पितळेत चुलीची आंच सर्व बुडाला सारखी पसरते. स्टीलमध्ये ती ज्वाळेच्या जागीच साठते. स्टीलच्या भांड्याला तांब्याचा बूड लावतात तो याचसाठी. असे असूनही स्टील आणि ॲल्युमिनियम स्वस्त, हलके आणि कल्हईवाचून चालणारे म्हणून घराघरांत शिरले आणि पितळेचा धंदा आटत गेला.

कल्हईचीही गंमत आहे. आंबट पदार्थाने पितळ कळकते, म्हणून आतून कथलाचा पातळ थर देतात. भांडे तापवून नवसागर टाकला की पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कथील कापसाने सहज पसरते. कथील २३२ अंशांना वितळते. भांड्यात पाणी आहे तोवर त्याचे तपमान १०० अंशांच्या फार वर जात नाही आणि कल्हई सुरक्षित राहते. रिकामे भांडे चुलीवर राहिले तर मात्र ती वितळून जाते. ‘रिकामं भांडं चुलीवर ठेवू नये’ हा आजीचा नियम शकुनाचा असेल, पण त्याला शास्त्राचा आधार आहे.

अभिसरण

दुसरा मार्ग अभिसरणाचा. यात पदार्थ स्वतःच उष्णता घेऊन हिंडतो. गंजातील तळचे पाणी तापते, फुगते, हलके होऊन वर जाते आणि वरचे थंड पाणी खाली येते. हवेचेही तसेच. जुन्या घरांत भिंतीच्या वरच्या अंगाला झरोका ठेवीत तो यासाठी. गरम हवा वर जमते आणि तेथून निसटते. कवेलूच्या घराला तर वेगळा झरोकाही लागत नाही, कारण कवेलूंच्या सांध्यांतूनच ती बाहेर पडते.

प्रारण आणि टिनाचे घर

तिसरा मार्ग प्रारणाचा. याला मध्ये पदार्थ लागतच नाही. सूर्याची उष्णता सुमारे १५ कोटी किलोमीटर पोकळीतून आपल्यापर्यंत येते ती याच मार्गाने. प्रत्येक वस्तू आपल्या तपमानानुसार उष्णता बाहेर टाकत असते आणि केवल तपमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात ती वाढते. चुलीसमोर बसल्यावर चेहरा भाजतो आणि पाठ थंड राहते, तेव्हा आपण हेच अनुभवतो.

येथे मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. आमच्या घरावर पूर्वी कवेलू होते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ते उतरवून पुन्हा रचावे लागत, माकडे उड्या मारून फोडीत, आणि हळूहळू नवे कवेलू मिळेनासे झाले. शेवटी बाबांनी टिना टाकल्या. पाऊस गळणे थांबले. त्यात त्यांची चूक काही नव्हती. गावात निम्म्याहून अधिक घरांनी तेच केले. पण उन्हाळ्यात घर बदलले.

मे महिन्यात भर दुपारी एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे ९०० ते १००० वॅट एवढी सूर्याची उष्णता पडते. वीस चौरस मीटरच्या लहान घरावर एकूण वीस विजेच्या इस्त्र्यांएवढी ती होते. काही भाग परत फेकला जातो, उरलेला छप्पर शोषते. कवेलू जाड, सच्छिद्र मातीचा, एकावर एक रचलेला आणि मध्ये हवा असलेला. त्यातून उष्णता रमतगमत उतरते. टिनाचा पत्रा जाडीने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि धातूचा. त्याची वरची बाजू आणि खालची बाजू जवळपास सारखीच तापते. तो तापलेला पत्रा मग आतल्या माणसांकडे, चुलीसारखा, उष्णता फेकतो. नवा चकचकीत पत्रा ती थोडी कमी फेकतो. गंजलेला, काळवंडलेला अधिक. म्हणजे घर जितके जुने आणि गरीब तितका हा त्रास जास्त.

पंखा लावावा, असे कोणी म्हणेल. पंखा प्रारण थांबवू शकत नाही. शिवाय आपल्या त्वचेचे तपमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा ४३ अंशांची असेल तर वारा अंगाला उष्णता देतो, घेत नाही. अशा वेळी घामाची वाफ होणे एवढाच शरीराचा आधार उरतो. एक लिटर घाम सुकला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणून पाणी आणि मीठ पोटात जात राहिले पाहिजे. शरीराचे तपमान ४० अंशांवर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजून ताबडतोब अंगावर पाणी घालावे आणि दवाखान्यात न्यावे. थोडा वेळ पडू देऊन पाहण्याची ती वेळ नव्हे.

आमच्या घरी पंख्याची अडचण आणखी एक आहे. माझी आई बिड्या वळते. भंडारा जिल्ह्यात तेंदूपाने आणि बिड्या यांवर हजारो घरे चालतात. पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते आणि ओली करून ठेवलेली पाने सुकून फाटतात. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने मिळते. बारा ते चार टिनाखाली बसवत नाही म्हणून ती उठली, तर तेवढ्या बिड्या कमी होतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्पादनाचे घटक भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन असे दिले आहेत. छपराचा उल्लेख त्यात नाही, पण आमच्या घरच्या उत्पादनावर त्याचा परिणाम रोज दिसतो.

थोड्या खर्चाचे उपाय

रोगाची तीन कारणे कळली की उपायही तीन बाजूंनी करता येतात.

पहिला उपाय, ऊन शोषूच न देणे. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकतो. अहमदाबाद शहराने २०१० सालच्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाची योजना आखली. पुढे वस्त्यांमधील छपरे पांढरी करणे हा तिचाच एक भाग झाला. नंतर नागपूरसह इतर शहरांनीही अशा योजना केल्या. गेल्या चैत्रात मी आणि माझ्या भावाने आमच्या निम्म्या छपराला वरून पांढरा रंग दिला. सगळ्या छपराला पुरेल इतका रंग आणण्याजोगे पैसे नव्हते. आम्ही आईला काहीच सांगितले नाही. आठवडाभरात तिने आपले सूप आपोआप त्या बाजूला सरकवले. वैशाखात आजीनेही आपली बाज तिकडे ओढली. माझ्याकडे तपमानाचे आकडे नाहीत, पण एवढ्या पुराव्यावर उरलेल्या निम्म्या भागाचे पैसे बाबांनी काढून दिले.

दुसरा उपाय, टिन आणि माणूस यांमध्ये पडदा घालणे. बांबूचे तट्टे टिनाखाली हातभर अंतर सोडून बांधले तर पत्र्याचे प्रारण तट्ट्यावर अडते आणि मधली हवा वाहकतेला अटकाव करते. त्या पोकळीची दोन्ही टोके मोकळी ठेवावीत, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाईल. आपला जिल्हा धानाचा. धानाची तणीस टिनावर पसरली तरी तिच्यात अडकलेली हवा चांगला अडसर होते. मात्र चुलीच्या धुराड्यापासून ती दूर ठेवली पाहिजे, नाहीतर उपायापेक्षा अपाय मोठा व्हायचा.

तिसरा उपाय सावलीचा. छपरावर चढवलेला वेल स्वतः ऊन झेलतो आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून थंड राहतो. आपल्या खेड्यांत दुधी आणि भोपळ्याचे वेल घरावर चढवीत, ते भाजीसाठीच असे मी समजत होते.

स्लॅबचे घर हा सर्वांवर उतारा आहे, असाही समज आहे. तो पूर्ण खरा नाही. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि संध्याकाळी ती खाली सोडू लागते. त्यामुळे स्लॅबखाली दुपार बरी जाते आणि रात्र वाईट. टिन रात्री झटकन निवते. दिवसा घरी काम करणाऱ्यांना आणि रात्री फक्त झोपायला येणाऱ्यांना एकच छप्पर सारखे सोयीचे नसते, ही गोष्ट घर बांधताना विचारात घेतली जावी.

समारोप

पूल बांधणाऱ्या अभियंत्याने काँक्रिटला उन्हाळ्यात वाढण्यासाठी जागा ठेवली. रेल्वेने तारेला वजने बांधली आणि रुळावर गस्त ठेवली. लोहाराने लोखंडाची वाढ आपल्या कामी लावली. या सर्वांनी उष्णता येणार हे आधीच धरून हिशेब केला. घराच्या बाबतीत मात्र आपण उन्हाळा आला की ‘यंदा फार तापतं बापा’ एवढे बोलून मोकळे होतो.

म्हणून विज्ञान आणि भूगोल विभागांच्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. येत्या एप्रिल-मे महिन्यांत प्रयोगशाळेतील काही तपमापके घेऊन नदीच्या दोन्ही तीरांवरील घरांत दुपारी दोन आणि रात्री दहा वाजताचे तपमान मोजावे : कवेलूचे घर, टिनाचे घर, पांढऱ्या टिनाचे घर आणि स्लॅबचे घर. मोजणी त्यांनी करावी. कारध्यातील घरांची दारे उघडून देण्याचे, तेथील बायांशी बोलण्याचे आणि मिळालेली माहिती सोप्या मराठीत लिहून ग्रामपंचायतीस देण्याचे काम आम्ही कला शाखेचे विद्यार्थी करू. पहिले घर आमचे धरण्यास हरकत नाही. पुढील वर्षीच्या अंकात त्या आकड्यांसह लेख यावा, अशी माझी इच्छा आहे.